मंगळवारनंतरचे ठोके

१

फोन वाजला तेव्हा ती दुसऱ्याच कुणाच्या पुस्तकाचं एकशे बारावं पान तपासत होती. मुद्रितं तपासायचं काम असं की डोळा अक्षरावर ठेवायचा, अर्थावर नाही. अर्थात गुंतलं की चुका निसटतात. बाबांना जाऊन नऊ दिवस झाले होते आणि अर्थापासून लांब राहणं तिला सोयीचं पडत होतं.

"तुमच्या वडिलांचा रिपोर्ट तयार आहे," पलीकडून हृदयाच्या दवाखान्यातल्या सिस्टर बोलत होत्या. "डॉक्टरांनी लगेच बोलावलंय. त्यांना जिने चढू देऊ नका, आणि एकटं तर अजिबात सोडू नका."

"कसला रिपोर्ट?"

"अहो, छातीला मशीन लावलं होतं ना, ठोक्यांची नोंद ठेवणारं. अठ्ठेचाळीस तासांचं."

तिला यातलं काही ठाऊक नव्हतं. बाबांना साधी सर्दी झाली तरी सगळ्या घराला कळायची.

"ते गेले," ती म्हणाली. "गेल्या आठवड्यात. शिडीवरून पडले."

"अरे देवा." मग कागद उलटल्याचा आवाज. "कधी म्हणालात?"

"मंगळवारी. दुपारी एक ते दोनच्या मध्ये, असं सरकारी डॉक्टर म्हणाले."

पलीकडे पुन्हा कागद उलटले.

"ताई, वार चुकत नाही ना तुमचा? मशीन सोमवारी सकाळी दहाला लावलंय आणि बुधवारी सकाळी दहाला बंद झालंय. आणि बुधवारी दहापर्यंत त्यात ठोके आहेत."

२

डॉक्टर वयस्क होते, आणि वाईट बातम्या सांगून सांगून आलेला एक कोरडा विनोद त्यांच्या जिभेवर होता.

"मेल्यावर नखं वाढतात म्हणतात लोक. ठोके चालू राहतात असं अजून कुणी म्हटलेलं नाही." त्यांनी पडदा तिच्याकडे वळवला. हिरवी रेघ उंचावत, खाली येत, पुन्हा उंचावत चालली होती, आणि एका जागी नुसतीच आडवी पडली. "हा खंड. चार सेकंद. असे दिवसा आहेत, झोपेत आहेत. कुणाचं हृदय आहे हे मला माहीत नाही. पण तो माणूस जिवंत असेल तर त्याला पेसमेकर बसवायला हवा. आज. पुढचा खंड लांबला तर माझ्याकडे यायची गरजच उरणार नाही त्याला."

"मशीन बदललं गेलं असेल."

"आमच्याकडे?" दारात उभ्या असलेल्या सिस्टर पुढे आल्या. त्यांच्या गळ्यातला चष्मा रागाने हलत होता. "बारा वर्षं पट्ट्या चिकटवतेय मी. प्रत्येक मशीनला नंबर असतो. हे तुमच्या वडिलांनाच लावलं, या हातांनी. छातीवरचे केस काढले, सात पट्ट्या लावल्या, सुटल्या तर म्हणून जास्तीच्या दिल्या. आणि सगळ्यांना सांगते तेच सांगितलं: काही वाटलं की हे बटण दाबायचं, आम्हाला इथे समजतं."

"परत कुणी आणून दिलं?"

"दाराशी पेटी आहे, त्यात टाकून जातात लोक. बुधवारी दुपारी पेटीत होतं."

सोमवारी दहा वीस ते अकरा, चाळीस मिनिटं नोंद कोरी होती. पट्ट्या सुटल्या असतील, असं तेव्हा सिस्टरांना वाटलं होतं. मशीनबरोबर दिलेली वही होती. केव्हा काय केलं, काय त्रास झाला, ते लिहायची. अक्षर बाबांचं. सरळ, ठसठशीत, प्रत्येक अक्षर जणू दुकानाच्या पाटीवर चढणार असल्यासारखं. चाळीस वर्षं त्यांनी भिंतींवर आणि पाट्यांवर हेच केलं होतं. शेवटची नोंद मंगळवारची, दुपारी बारा चाळीसची: "जेवण झालं. बरं वाटतंय." त्याच्या वर, सकाळी सहा चाळीसची: "जिने चढून घरी. धाप."

तिने ती ओळ दोनदा वाचली. बाबांचं घर तळमजल्यावर होतं.

"त्यांनी त्रास काय सांगितला होता?" तिने विचारलं.

डॉक्टरांनी कागद पाहिला. "बोलता बोलता शब्द तोंडातच राहतो. डोळ्यांपुढे अंधार येतो, मग सगळं पहिल्यासारखं. दोनदा पडले, असं म्हणाले. फार नेमकं सांगितलं. शेजारी बसून बघितल्यासारखं."

३

"चक्कर? त्यांना?" आई म्हणाली. "पस्तीस वर्षं संसार केला मी. मला घेरी आणली त्यांनी, स्वतःला कधी आली नाही."

ती हसली नाही, पण बोलली तरी. नऊ दिवसांत एवढं लांब वाक्य आईच्या तोंडून पहिल्यांदाच येत होतं.

"आई, बाबांच्या छातीवर काही दिसलं होतं का तुला?"

"केस काढलेले होते. चौकोनी, असे, ठिकठिकाणी." आईने हवेत बोटाने चौकोन काढले. "दवाखान्यातल्यांनी काढले असतील म्हटलं, नंतर. पट्टी मात्र एक नव्हती."

धाकटा भाऊ भिंतीला टेकून ऐकत होता. तो बस चालवायचा. हृदयात खोट निघाली तर त्याचा परवाना जाणार होता. त्याच्यासाठी बाबांनी मशीन आपल्या नावावर घेतलं असेल? ती त्याच्याकडे बघत राहिली, आणि ती का बघतेय ते त्याला लगेच समजलं.

"ताई, तू पोलिसात जायचंस. चुका शोधत बसलीस, वाया गेलीस." त्याने सदऱ्याची बटणं काढली. "बघ. आहे का कुठे चौकोन?"

छातीवर दाट केस होते. कुठेही खाडा नव्हता. दहा दिवसांत एवढे केस उगवत नाहीत.

आईकडे तसं बघायची तिला हिंमत झाली नाही. मग तिने दुसरा रस्ता धरला. तिच्या कामात हीच पद्धत होती: शंका आली की मूळ प्रत काढायची आणि ओळीला ओळ लावून बघायची.

"मंगळवारी कुणाला कधी कळलं, ते सांगा मला. मिनिटांसकट."

बाबांबरोबर शाळेच्या सभागृहात रंगकामाला गेलेल्या काकांनी तिथल्या वॉचमनच्या फोनवरून आईला कळवलं ते तीन वाजून पाच मिनिटांनी. शेजारीण समोरच होती, तिने घड्याळ पाहिलं होतं. भाऊ फेरीवर होता. त्याला डेपोत उतरल्यावर सांगितलं, चार वीसला. तिने दवाखान्यातून आणलेल्या कागदाच्या घड्या टेबलावर उलगडल्या. दर मिनिटाला किती ठोके, याचा तो आलेख होता. नवरा गेल्याचं ऐकल्यावर, बाप गेल्याचं ऐकल्यावर काळीज जागच्या जागी राहत नाही. ज्याच्या छातीला मशीन होतं त्याने बातमी ऐकली तो क्षण कागदावर असणारच.

तीन पाचला बहात्तर ठोके. तीन सहाला बहात्तर. आई नव्हती.

चार वीसला अडुसष्ट. भाऊही नव्हता.

बोट मागे मागे नेत ती अडीचवर आली, दोनवर आली, दीडवर आली. आणि थांबली. एक वाजून बारा मिनिटांनी रेघ उभीच्या उभी चढली होती. एकशे अठ्ठेचाळीस.

काकांनी बाबांना पाहिलं म्हणतात ते दोन वाजून पन्नास मिनिटांनी. मशीनवाल्याला ते दीड तास आधीच ठाऊक होतं.

"काय झालं गं?" आईने विचारलं.

"काही नाही," ती म्हणाली. आणि मग आई, कुणाला उद्देशून नाही, तेच म्हणाली जे पोलिसांनाही म्हणाली होती, आणि त्यांनी लिहून घेतलं नव्हतं:

"ते एकटे चढलेच नसते."

४

त्यांच्या घरात एक नेम होता, आजोबांच्या वेळेपासूनचा. चढणारा एक, धरणारा एक, आणि दोघं एका घरातले. आजोबा चढायचे तेव्हा बाबा धरायचे. आजोबा थकल्यावर बाबा चढले आणि काकांनी शिडी धरली. परक्याच्या हातात शिडी म्हणजे परक्याच्या हातात मान. ठेकेदारांनी माणूस देऊ केला तरी बाबा हात जोडायचे. लहानपणी तिनेही हट्ट केला होता, मला धरू दे. तेव्हा बाबांनी तिला खालच्या पाट्यांवर टिंबं द्यायला बसवलं होतं. म्हणून ती टिंबू. हे नाव आता एकाच माणसाच्या तोंडी उरलं होतं.

काका चौथ्या मजल्यावर एकटे राहायचे. लग्न नाही, मोबाईल नाही. "दादा आहे ना," एवढं उत्तर दोन्ही प्रश्नांना पुरायचं. लिफ्टही नव्हती. ती चढताना पायऱ्या मोजत गेली. सकाळी दूध घेऊन येणाऱ्या माणसाला धाप लागेल इतक्या होत्या.

"ये, टिंबू. चहा टाकतो."

"काका, मंगळवारचं पुन्हा एकदा सांगा ना."

"किती वेळा सांगू, पोरी?" त्यांनी पातेलं हातात घेतलं. "टर्पेंटाइन संपलं होतं. मी आणायला गेलो. दादाला म्हटलं, मी येईपर्यंत चढू नकोस. पण वरच्या ओळीतली तीनच अक्षरं राहिली होती, आणि त्याचा स्वभाव तुला..."

ते थांबले. पातेलं हवेत, डोळे खिडकीकडे, तोंड अर्धवट उघडं. तिने मान खाली घातली. दुःखात बोलणाऱ्याकडे टक लावून बघू नये.

"...ठाऊक आहे," काका म्हणाले, आणि पाणी ओतलं.

तिथून ती सभागृहावर गेली. तिथलं गेट वॉचमन उघडायचा. शाळेला सुट्ट्या होत्या, आवारात चिटपाखरू नव्हतं. वॉचमनने आधी आढेवेढे घेतले, मग आवाज खाली आणला.

"नोकरी घालवू नका माझी. मी एक वाजता घरी जेवायला जातो. जायचं नसतं, पण जातो. गेटला बाहेरून कुलूप लावतो. मंगळवारीही लावलं. तीनला दहा कमी असताना आलो."

"आणि काका बाहेरून आले?"

"बाहेरून कसे येतील? किल्ली माझ्या खिशात. ते आतल्या बाजूला गजांना धरून उभे होते. तोंडातून शब्द नाही."

"पोलिसांना सांगितलं नाहीत?"

"त्यांनी विचारलं नाही, ताई. आणि मी कशाला आपल्या पायावर धोंडा पाडून घेऊ?"

ती गेटपाशीच उभी राहिली. भिंत दोन पुरुष उंच होती, वर काचा. टर्पेंटाइन आणायला कुणी गेलं नव्हतं. एकपासून दोन पन्नासपर्यंत त्या आवारात दोघंच होते. त्यातला एक मेलेला, आणि दुसरा गप्प.

५

रात्रभर तिच्या मनात एकच शब्द फिरत होता आणि तो तिने स्वतःशीही उच्चारला नाही. भावाभावांत भांडणं होतात. संताप चढला की ठोके एकशे अठ्ठेचाळीस होतातच. शिडीला एक लाथ पुरते.

पण त्यात एक गोष्ट बसत नव्हती. मारणारा माणूस पुढचे वीस तास छातीवर पुरावा बांधून झोपत नाही, आणि सकाळी तो पेटीत नेऊन टाकत नाही.

ती दवाखान्यात पोचली तेव्हा दार नुकतंच उघडत होतं.

"ते एक मिनिट मोठं करून दाखवता येईल?" तिने डॉक्टरांना विचारलं. "मंगळवार, एक वाजून बारा."

"येईल की. मिनिटच काय, सेकंदही फाडून दाखवतो."

रेघ पसरली. आधी संथ ठोके. मग आडवी रेघ. लांब. पडद्याच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत. मग एक उंचवटा, दुसरा, आणि त्यानंतर कुणी मागे लागल्यासारखे ठोके.

डॉक्टरांनी पट्टी लावून मोजलं. "साडेसहा सेकंद. सगळ्यात मोठा खंड. उभा असेल तर माणूस कोसळणारच. हातात काही असेल तर ते सुटणार."

"आधी खंड. मग धडधड."

"हो. आधी थांबलं, मग पळालं."

क्रम तेवढा उलटला होता, आणि रात्रभर तिने मनात लिहिलेलं सगळं पुसलं गेलं. कुणी रागावलं नव्हतं. शिडी धरलेला माणूस साडेसहा सेकंद या जगात नव्हता, आणि परत आला तेव्हा शिडी आडवी होती.

"आणि हे काय?" रेघेच्या खाली बारीक त्रिकोण होते. एक पंधराला एक. एक सोळाला दोन. मग दर सहाएक मिनिटांनी एकेक.

"बटण दाबल्याच्या खुणा. त्रास झाला की पेशंट दाबतो." डॉक्टरांनी कपाळाला आठ्या घातल्या. "सतरा वेळा? इतक्या वेळा कशाला?"

तिने मागे वळून सिस्टरांकडे पाहिलं. त्यांनी चष्मा डोळ्यांवर चढवला होता आणि त्या त्रिकोण मोजत होत्या.

"सिस्टर, बटण दाबल्यावर तुम्हाला कळतं?"

"नंतर. मशीन परत आल्यावर, इथे पडद्यावर." त्या बोलता बोलता हळू झाल्या. "मी सांगते सगळ्यांना. आम्हाला इथे समजतं..."

वाक्य पुरं करायची गरज कुणालाच पडली नाही. दोन वाजून बेचाळीस मिनिटांनी शेवटचा त्रिकोण होता.

तेवढ्यात आईचा फोन आला.

"अगं, काका येऊन गेले. कोपऱ्यातली शिडी घेऊन गेले. उरलेली तीन अक्षरं पुरी करतो म्हणाले. मी म्हटलं, धरणार कोण? तर शिडी खांद्यावर टाकून निघालेच."

काका आयुष्यात कधी शिडीवर चढले नव्हते. धरणाऱ्याने चढायचं नसतं.

६

सभागृहाच्या खिडक्या बंद होत्या, आत रंगाचा वास कोंडला होता. रंगमंचावरच्या भिंतीला शिडी लावलेली होती आणि काका वरून तिसऱ्या पायरीवर होते. दोन अक्षरं झाली होती. वाकडी, बारीकमोठी, बाबांच्या ओळीला धरून चालायची धडपड करणारी.

तिने हाक मारली नाही. दचकवायचं नव्हतं. शिडीपाशी जाऊन तिने दोन्ही दांड्या धरल्या आणि उजवा पाय खालच्या पायरीला टेकवला. काका लावायचे तसा.

लाकडातून ते वर पोचलं असावं. कुंचला थांबला.

"कोण?"

"टिंबू."

"घरी जा. हे तुझं काम नाही."

"मला मशीनचा रिपोर्ट मिळालाय, काका."

वरून रंगाचा एक थेंब तिच्या मनगटावर पडला.

"आधी तुमचं हृदय थांबलं," ती म्हणाली. "साडेसहा सेकंद. शिडी त्याच्यानंतर सुटली. कागदावर आहे."

"कुणी सांगितलं तुला, की मीच..."

"तुमच्या छातीने. आई नव्हती, भाऊ नव्हता. गेट बंद होतं."

काका भिंतीशीच बोलावं तसे बोलू लागले.

"दादाने लावून घेतलं, आणि तासाभरात माझ्या छातीवर चिकटवलं. कुठली पट्टी कुठे, चित्र काढून आणलं होतं त्याने. म्हणाला, तुझ्या नावावर लावलं आणि ठेकेदारांना कळलं तर तुला शिडीजवळ उभं करणार नाहीत. मी म्हटलं, दोन दिवस तुझ्या पोराला धरू दे. तर म्हणाला, पोराच्या हातात दिली की तुझ्या हातात परत येईल का? आणि मशीन कशाला आहे? काही झालं तर बटण दाब. डॉक्टरांना कळतं."

बाबांना माहीत होतं. माहीत असून त्यांनी शिडी त्याच हातांत दिली होती, हात रिकामे राहू नयेत म्हणून. याचा राग करायचा की काय करायचं, हे तिला त्या दिवशी कळलं नाही, आणि पुढेही कळायचं नव्हतं.

"जाग आली तर तो खाली," काका म्हणाले. "मान अशी. त्याचा फोन फुटलेला. गेटला कुलूप. ओरडलो, पण आवाज निघेना. मग मी बटण दाबलं. म्हटलं, येतील, कुलूप तोडून येतील. त्याला मांडीवर घेऊन सांगत होतो, येतायत, दादा, येतायत. पुन्हा दाबलं. पुन्हा दाबलं."

"सतरा वेळा."

"मी मोजलं नाही."

"मशीनने मोजलंय." तिने दांड्या घट्ट धरल्या. "काका, सरकारी डॉक्टर म्हणाले की बाबा पडल्या पडल्या गेले. कुणी आलं असतं तरी..."

"मला नको सांगू ते."

"बरं. टर्पेंटाइनचं का सांगितलंत?"

"सोडून गेलो होतो म्हटलं, की माणूस बेफिकीर ठरतो. बेफिकीर चालेल. हातात असताना सुटली, हे वहिनीला कोणत्या तोंडाने सांगू?"

"आणि मशीन? बुधवारपर्यंत?"

"दादा म्हणाला होता, अठ्ठेचाळीस तास, मध्ये काढायचं नाही." त्यांनी कुंचला डब्याच्या काठावर पुसला. "तेवढंच राहिलं होतं त्याचं सांगितलेलं."

बाहेर गेट उघडल्याचा आवाज झाला, आणि तिने दवाखान्यातून मागे बोलावलेल्या गाडीचं दार.

"काका, खाली या. सिस्टर आल्यात, गाडी घेऊन. ज्यांनी पट्ट्या लावल्या त्या."

"कशाला?"

"तुम्ही बटण दाबलं होतं ना. त्यांना उशीर झाला. पण आल्यात."

कुंचला डब्यात पडला. मग एक पाय खाली आला, चाचपडत. दुसरा. उतरायची सवय नसलेला माणूस, प्रत्येक पायरी पायाने शोधणारा. शेवटचं अक्षर राहिलं होतं ते राहू दे, असं ती म्हणणार होती.

"तिसरं अक्षर तू पुरं..." काका म्हणाले, आणि थांबले.

पाय पायरी आणि पायरीच्या मध्ये. दांड्यांवरचं वजन एकदम बदललं. शिडी डावीकडे ओढ घेऊ लागली. तिने खांदा लाकडाला लावला, पाय रोवला, आणि मोजायला सुरुवात केली, कारण दुसरं काहीच करता येत नव्हतं.

एक. दोन. तीन.

शिडी तिच्या हातात होती.

चार.

पाच.

वरून एक लांब श्वास ऐकू आला. पाय हलला आणि त्याने खालची पायरी शोधली.